श्लोक, शोक आणि विद्यापीठाचा छापखाना

गेल्या महिन्यात पुतणीचा फोन आला. ती एका विद्यापीठाच्या मुद्रण आणि प्रसिद्धी विभागात नोकरीला आहे. कोणत्या विद्यापीठाच्या, ते इथे लिहायचं नाही अशी तिची ताकीद आहे, म्हणून लिहीत नाही. माहितीपत्रकं, पदवीदानाच्या निमंत्रणपत्रिका, वर्तमानपत्रात द्यायच्या जाहिराती, व्याख्यानांची पोस्टर्स असलं सगळं तिच्या टेबलावरून जातं.

"काका, आमच्याकडचं जुनं ट्रेडल मशीन आणि खिळ्यांच्या केसेस भंगारात निघाल्यात. किलोवर जाणार. तुम्हाला त्यातलं काही हवंय का?"

मी म्हटलं, मूठभर खिळे आण. मशीन कुठे ठेवणार? आमच्या घरात माझ्या पुस्तकांनाच जागा नाही असं घरच्यांचं म्हणणं आहे.

मग तिने खरं काम काढलं. साहेबांनी तिला विभागाचा इतिहास पानभर लिहायला सांगितला होता. "तुम्ही पस्तीस वर्षं इतिहास शिकवलाय, काय लिहू सांगा ना." मी फोनवर दहा मिनिटं बोललो. तिने "हो काका, हो काका" केलं आणि तिच्या कामापुरतं घेतलं. पण माझ्या डोक्यात मात्र ते राहिलं. विद्यापीठाला छापखाना कशाला लागतो? आणि तो कोणत्या लिपीत छापतो याने आमच्यासारख्या बीड जिल्ह्यातल्या माणसाच्या आयुष्यात काय फरक पडतो? तेच आज लिहितोय. थोडं लांबेल.

सुरुवात लांबून करतो. इंग्लंडमधल्या ऑक्सफर्डला जे पहिलं पुस्तक छापलं गेलं, त्यावर साल पडलंय १४६८. प्रत्यक्षात ते १४७८ चं. रोमन आकड्यांतला एक एक्स जुळवायचा राहिला आणि पुस्तक दहा वर्षांनी म्हातारं झालं! पुढे त्यावरून अभ्यासकांत वाद झाले. हे मला कळलं तेव्हा फार बरं वाटलं, कारण माझ्या नावावरही असाच एक गुन्हा आहे.

१९८१ सालची गोष्ट. शाळेच्या स्नेहसंमेलनाचं पत्रक छापून आणायचं काम माझ्याकडे होतं. तालुक्याच्या गावी एक लहानसा छापखाना होता. एक ट्रेडल, एक मालक आणि एक सोळा-सतरा वर्षांचा कंपोझिटर पोरगा. देवनागरी जुळवणं म्हणजे खायचं काम नव्हे. इंग्रजीला लहानमोठी अक्षरं, आकडे, चिन्हं धरून दीडेकशे खण पुरतात. आपल्याला काना, मात्रा, वेलांट्या, अर्धी अक्षरं, जोडाक्षरं धरून शेकडो खिळे लागतात. त्यातली जोडाक्षरं लहान छापखान्यात दोन-चार नगच असायची, संपली की संपली. पोराने काय केलं, 'श्लो' मिळेना म्हणून 'शो' बसवला. नंतर विचारून घेऊ असं म्हणाला असेल आणि विसरला असेल. प्रूफ माझ्याकडे आलं. मी पाहुण्यांची नावं तीनतीनदा तपासली, हुद्दे तपासले, आणि सही केली.

पाचशे पत्रकं छापून आली : सकाळी नऊ वाजता शोक पठण स्पर्धा.

मुख्याध्यापकांनी कागद हातात घेतला, चष्मा काढला, पुसला, परत घातला. म्हणाले, "सर, कोण वारलंय?" त्या रात्री मी आणि दोन शिक्षक कंदिलाच्या उजेडात बसून पाचशे कागदांवर बोरूने 'श' चा 'श्ल' करत होतो. दोष पोराचा निम्मा, माझा निम्मा. खरं तर माझा जास्त, प्रूफ वाचणारा मीच होतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे ती परत येणार आहे.

तर विद्यापीठाचा छापखाना. केंब्रिजला आठव्या हेन्रीने १५३४ मध्ये छपाईची सनद दिली. ऑक्सफर्डने तर १८४९ ते १८७४ या काळात मॅक्सम्युल्लरने संपादित केलेला ऋग्वेद सायणभाष्यासह सहा खंडांत छापला, देवनागरीत! सुरुवातीला पैसा ईस्ट इंडिया कंपनीचा. याच काळात मुंबईला जावजी दादाजींनी आधी टाइप पाडण्याचा कारखाना आणि मग १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना काढला. म्हणजे देवनागरीचे देखणे खिळे मुंबईत होते, पुण्यात होते, थेट ऑक्सफर्डला होते. पण आम्ही? आम्ही निजामाच्या राज्यात होतो.

माझ्याकडे वडिलांची एक सनद आहे. वडील वस्तानिया पास. आजच्या मुलांना हा शब्द कळणार नाही. तहतानिया म्हणजे प्राथमिक, वस्तानिया म्हणजे मधली शाळा, फोकानिया म्हणजे हायस्कूल. सनद उर्दूत आहे, नाव हाताने भरलेलं. वडील हिशेब मोडीत लिहायचे, अभंगाची वही बाळबोधीत आणि सरकारी दरखास्त उर्दूत. तीन लिपी एकाच माणसाच्या बोटांत! मला त्यातली मोडी थोडी येते, उर्दू येत नाही. म्हणून शाळेतल्या उर्दूच्या मौलवीसाहेबांकडे मी एकदा ती सनद वाचून घ्यायला गेलो. त्यांनी वाचलं, थांबले, परत वाचलं. आमच्या आडनावात 'ळ' आहे. उर्दूत 'ळ' नाही, तिथे 'ल' लिहिला होता. त्यात उर्दूत ऱ्हस्व स्वर लिहिण्याची पद्धत नाही, त्यामुळे आडनाव दोन-तीन तऱ्हांनी वाचता येत होतं. मौलवीसाहेब हसून म्हणाले, "मास्तर, तुमच्या वालिदांना ओळखत होतो म्हणून बरोबर वाचलं. नाहीतर हे कोण गृहस्थ, असं झालं असतं."

आता इथे मला जपून लिहायला हवं, कारण निजामाचं नाव निघालं की आपल्याकडे चर्चा एकाच रुळावरून जाते. उस्मानिया विद्यापीठाने एक काम असं केलं की त्याला तोड नव्हती. १९१८ मध्ये ते स्थापन झालं आणि उच्च शिक्षणाचं माध्यम म्हणून त्यांनी इंग्रजी नाही, उर्दू घेतली. मॅकॉलेच्या नंतर ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांनी एका विद्यापीठाने हे धाडस करावं ही साधी गोष्ट नव्हे. पण शिकवायचं तर पुस्तकं हवीत. म्हणून वर्षभर आधीच, १९१७ मध्ये, भाषांतर विभाग काढला होता, दार-उल-तर्जुमा. त्याचे पहिले प्रमुख मौलवी अब्दुल हक. इतिहास, तत्त्वज्ञान, पदार्थविज्ञान, कायदा, वैद्यक, अभियांत्रिकी अशी शेकडो पुस्तकं उर्दूत आणली आणि छापली. परिभाषेसाठी समित्या बसल्या, एकेका शब्दावर भांडणं झाली. आधी शब्द घडवले, मग पुस्तकं, मग पदवीधर.

हे अब्दुल हक आपल्या औरंगाबादला (२०२३ पासून छत्रपती संभाजीनगर) कितीतरी वर्षं होते. अंजुमन तरक्की-ए-उर्दू या संस्थेचं मुख्य ठाणं त्यांनी तिथेच ठेवलं होतं. १९२१ मध्ये 'उर्दू' नावाचं त्रैमासिक तिथूनच निघालं. पुढे संस्था दिल्लीला गेली आणि फाळणीनंतर ते स्वतः कराचीला. उर्दूच्या दुनियेत औरंगाबादचं नाव आजही या कामासाठी घेतलं जातं. आमच्या क्रमिक पुस्तकात हे कधी नव्हतं, मीही कधी शिकवलं नाही.

पण दुसरी बाजू अशी. हैदराबाद संस्थानात निम्म्याच्या आसपास लोक तेलुगू बोलणारे, चौथा हिस्सा मराठी, कन्नडही बऱ्यापैकी. उर्दू मातृभाषा असलेले शेकडा दहा-बाराच. मातृभाषेतून ज्ञान हे तत्त्व इतकं मोलाचं होतं, तर ते बाकीच्यांना का लागू नव्हतं? उस्मानियात मराठी विषय म्हणून होती, माध्यम म्हणून नव्हती. विद्यापीठ ज्या भाषेत पदार्थविज्ञान छापतं, ती भाषा शहाण्यांची ठरते. बाकीच्या भाषा अभंगाच्या वहीत राहतात. वडिलांच्या बाबतीत अगदी हेच झालं होतं. मराठीत त्यांना सगळं येत होतं, पण 'शिकलेले' ते उर्दूमुळे होते.

वर्तमानपत्राची तऱ्हाही तीच. आनंद कृष्ण वाघमारे यांनी १९३७ मध्ये 'मराठवाडा' साप्ताहिक काढलं ते कुठून? पुण्याहून. निजामी अंमलात ते काढणं शक्य नव्हतं. बंदी आली की नाव बदलून काढायचे. मराठवाड्याचं 'मराठवाडा' मराठवाड्याबाहेर छापलं जात होतं!

१७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान मुक्त झालं. उस्मानियाचं उर्दू माध्यम पुढच्या वर्षभरातच गेलं आणि त्या जागी मराठी, तेलुगू नव्हे तर इंग्रजी आली. तीस वर्षं खपून घडवलेली परिभाषा कपाटात गेली. यात कुणाचं भलं झालं असं मला वाटत नाही.

२३ ऑगस्ट १९५८ ला औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ सुरू झालं. पहिले कुलगुरू एस. आर. डोंगरकेरी. आमच्या बीड, अंबाजोगाईच्या मुलांना हैदराबादकडे तोंड करून बसण्याचं कारण उरलं नाही. मी १९७२ ला बी. ए. झालो, मराठी माध्यमातून. दुष्काळाचं साल. गावातली माणसं खडी फोडायला आणि मी परीक्षेला. त्या काळी निकाल वर्तमानपत्रात यायचा, नुसते बैठक क्रमांक, बारीक टाइपात, रांगेने. एसटी स्टँडवर एका पेपरभोवती दहा-पंधरा डोकी वाकलेली. माझा नंबर मला दिसेना. शेजारच्या अनोळखी माणसाने शोधून दिला आणि पेपराच्या पैशांऐवजी चहा घेतला. पुढे नोकरीची जाहिरातही मी अशीच पेपरात पाहिली. विद्यापीठ, छापखाना आणि जाहिरात या तीन गोष्टी मिळून माझं आयुष्य एसटी स्टँडवर ठरलं म्हणायला हरकत नाही.

मराठीतून विद्यापीठ पातळीची पुस्तकं यावीत म्हणून त्या सुमारास केंद्राच्या मदतीने राज्यात विद्यापीठ ग्रंथनिर्मिती मंडळ काम करू लागलं, नागपूरला. चांगली चांगली पुस्तकं त्यांनी काढली. भाषा संचालनालयाने परिभाषाकोश केले. तरीही इतिहासाचा संदर्भग्रंथ म्हटला की आम्ही इंग्रजी पुस्तक आणि शेजारी डिक्शनरी घेऊनच बसायचो. उस्मानियाने उर्दूसाठी जे केलं, त्या जिद्दीने आपण मराठीसाठी केलं का? माझं उत्तर 'नाही' असं आहे. आणि आपल्याला तर अडवायला निजामही नव्हता.

आता जे लिहायचंय ते जरा अवघड आहे.

२७ जुलै १९७८ ला विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव केला. औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय बाबासाहेबांच्याच पीपल्स एज्युकेशन सोसायटीचं, १९५० पासूनचं. म्हणजे विद्यापीठाच्या आधी आठ वर्षं या भागातल्या मुलांसाठी महाविद्यालय उभं करणारा माणूस. तरी ठराव झाल्यावर मराठवाड्यात जे झालं ते सांगायला नको. दलितांची घरं जाळली गेली. नांदेड जिल्ह्यात पोचीराम कांबळे यांचा जीव घेतला. माझ्या वर्गातली काही मुलं कित्येक दिवस शाळेत आली नाहीत आणि आम्ही शिक्षकांनी हजेरीपटावर गैरहजेरी मांडली. चौकशीला कुणी गेलं नाही. मीही गेलो नाही.

ठराव अमलात आला १४ जानेवारी १९९४ ला, नामविस्तार म्हणून. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ. त्या आठवड्यात शिक्षकांच्या खोलीत मी एक वाक्य बोललो. म्हणालो, "आता लेटरहेड बदला, शिक्के बदला, गुणपत्रिका बदला, सगळी छपाई नव्याने. नावात काय असतं एवढं?" मला ते शहाणपणाचं वाटलं होतं.

आमच्यातले एक सहकारी, माझ्याहून आठ-दहा वर्षांनी लहान, वह्या तपासत होते. पेन खाली न ठेवता म्हणाले, "सर, तुमच्या एका पत्रकात श्लोकाचा शोक झाला तर तुम्ही रातोरात पाचशे कागद दुरुस्त केले. आमचं हे प्रूफ सोळा वर्षं पडून होतं."

मी काही बोललो नाही. बोलण्यासारखं नव्हतंच. घरी आलो, वडिलांची सनद काढली आणि तो 'ळ' च्या जागी बसलेला 'ल' पाहत बसलो. त्या एका अक्षराबद्दल मी किती जणांना किती वेळा सांगितलं होतं! आपल्या नावाचं अक्षर चुकलं की नावात सगळं असतं. दुसऱ्याचं चुकलं की छपाईचा खर्च दिसतो.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना तसं सांगितलं. ते म्हणाले, "जाऊ द्या सर, चहा घ्या." पण त्यांनी ते सोडून दिलं होतं की नाही, हे मला आजपर्यंत कळलेलं नाही. पुढे त्यांच्या मुलीची पदवी आली, नव्या नावाची. त्यांनी ती शाळेत आणून सगळ्यांना दाखवली. माझ्या हातात दिली तेव्हा मी नाव मोठ्याने वाचलं, पूर्ण.

पुतणीला मी हे फोनवर सांगितलं नव्हतं. आता ती वाचेल.

तिच्या कामाचं हल्लीचं स्वरूप मला नीट कळत नाही, पण एक गोष्ट कळते, कारण तिचा त्रास मला वर्गात झाला होता. संगणक आले आणि देवनागरीची खिळ्यांची अडचण एका झटक्यात संपली. श्लो संपत नाही आता, हवे तेवढे श्लो! नस्तालिकचंही तसंच झालं. ती लिपी खिळ्यांत नीट बसत नव्हती म्हणून उर्दूवाले कातिबाकडून लिहवून घेऊन दगडावर छापायचे. १९८१ मध्ये नूरी नस्तालिक आलं आणि लाहोरचा 'जंग' संगणकावर जुळवला जाऊ लागला. आमच्या शोक पठणाचंच साल! आपल्याकडे देवनागरीसाठी हे काम करणाऱ्यांत र. कृ. जोशींचं नाव मोठं. जाहिरात क्षेत्रातला माणूस, अक्षरांचा वेडा, नंतर मुंबईच्या आयआयटीत शिकवायला गेला. विंडोजबरोबर येणारा 'मंगल' हा फाँट त्यांचा. २००८ मध्ये ते गेले. जाहिरात, अक्षररचना आणि विद्यापीठ हे तिन्ही एका माणसात बघायचं असेल तर त्यांच्याकडे बघावं, असं मी पुतणीला सांगितलं. तिला ते आधीच माहीत होतं.

पण मंगलमध्ये 'ल' आणि 'श' दिसतात ते हिंदी वळणाचे. मी फळ्यावर पाकळीचा ल आणि देठाचा श काढायचो. संगणकावर छापलेल्या प्रश्नपत्रिकेत वेगळाच ल यायचा. पाचवीतल्या एका लेकराने मला विचारलं होतं, "सर, ह्यो कोणता ल?" ६ नोव्हेंबर २००९ ला राज्य सरकारने मराठीच्या वर्णमालेचा निर्णय काढला आणि पाकळीयुक्त ल, देठयुक्त श हेच मराठीचे असं ठरवलं. मी त्याच्या आधीच निवृत्त झालो होतो, पण त्या दिवशी मला फार बरं वाटलं. पुतणी म्हणते, संगणकाच्या लेखी दोन्ही ल एकच, दिसतो तो फरक फाँटचा. म्हणून माहितीपत्रक करताना ती आधी फाँटमधला ल बघते. तिच्या साहेबांना यातलं काही कळत नाही. कळायची गरजही नाही, ती बघते तेवढं पुरे.

तिच्या माहितीपत्रकांबद्दल माझी एक तक्रार आहे, ती तिला सांगितलीय. मुखपृष्ठावर मराठी झकास, सुलेखन वगैरे. आत उघडलं की अभ्यासक्रमांची सगळी माहिती इंग्रजीत. ती म्हणाली, "काका, मुलंच तसं मागतात." असेलही. अब्दुल हकांनाही कुणीतरी असंच म्हटलं असणार.

छपाई मुखपृष्ठावरच कशाला थांबावी, यासाठी आमच्या जिल्ह्यातलं एक उदाहरण देण्याचा मोह आवरत नाही. अंबाजोगाईच्या दासोपंतांची पासोडी पाहिलीय का? सोळाव्या-सतराव्या शतकातली. सुमारे चाळीस फूट लांब आणि चार फूट रुंद कापड, त्यावर पंचीकरणासारखा क्लिष्ट विषय मराठी ओव्या आणि आकृत्यांनी मांडलेला. मजकूर कुठे, चित्र कुठे, याचा विचार आधी करून मग बसलेला माणूस दिसतो त्यात. पुतणीला मी म्हटलं, तुझ्या विभागाच्या इतिहासात हे घाल. ती म्हणाली, पान एकच आहे काका.

परवा तिचं पार्सल आलं. मिठाईच्या प्लास्टिकच्या डब्यात कापसात गुंडाळलेले बावीस खिळे. मी भिंग घेऊन बसलो. काही मात्रा, एक अर्धा त, दोन पूर्णविरामाचे दंड, एक क्ष, तीन म. मी 'ळ' मागितला होता. सोबत चिठ्ठी होती, 'ळ सापडला नाही काका, त्या खणाची केस आधीच गेली होती.'

नातू शेजारी बसला होता. त्याने एक म उचलला, स्टॅम्प पॅडवर दाबला आणि वहीवर उठवला. खिळ्यावर उलटा दिसतो आणि कागदावर सुलटा येतो, याची खात्री करायला त्याला तीन वेळा उठवावा लागला. चौथ्यांदा त्याने तो माझ्या औषधांच्या चिठ्ठीवर उठवला, डॉक्टरांच्या सहीच्या अगदी वर.